बारावीनंतर काय? हा प्रश्न एकट्या घराचा नाही

निकालांचे दिवस आले की आमच्या मोहल्ल्यातील वाचनालयाला जाग येते. एरवी तिथे चार म्हातारी माणसे उर्दू वर्तमानपत्र वाचत बसलेली असतात. मे-जूनमध्ये मात्र सकाळपासून पालकांची रांग लागते. आम्ही तीन-चार जण तिथे मुलांचे अर्ज भरून देतो, दाखल्यांची यादी सांगतो आणि जमेल तेवढी वाट दाखवतो.

यंदा असेच एक बागवान चाचा आले. फळांची गाडी लावतात. सोबत मुलगा होता. त्याने दोनदा नीट दिली होती. पहिल्या वर्षी गुण कमी पडले म्हणून दुसऱ्या वर्षी शहरातला खासगी क्लास लावला. त्यासाठी त्याच्या अम्मीच्या बांगड्या मोडल्या. तरीही सरकारी जागा मिळेल एवढे गुण नाहीत. चाचा म्हणाले, "सर, अजून एक साल देतो त्याला. आपल्या खानदानात एकबी डॉक्टर नाही."

मी मुलाला विचारले, "तुला काय आवडतं?" त्याने आधी अब्बांकडे पाहिले, मग खाली. जरा वेळाने म्हणाला, "नकाशे काढायला आवडतं. मस्जिदीच्या वजूखान्याचं बांधकाम चाललं होतं, तेव्हा मिस्त्रीबरोबर मापं मीच घ्यायचो." चाचांनी हे पहिल्यांदाच ऐकले. दोन वर्षे गेली, बांगड्या गेल्या. पण हा प्रश्न त्या घरात कोणी विचारलाच नव्हता.

चाचांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांनी पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवले. त्यांना माहीत असलेल्या वाटा दोनच होत्या. एक डॉक्टरकीची, जिचा फलक चौकात लागतो. दुसरी गाडीची, जी ते स्वतः रोज ढकलतात. या दोहोंच्या मध्ये किती पायऱ्या आहेत, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि ते सांगणे हे आपले, म्हणजे मोहल्ल्यातील शिकलेल्या माणसांचे काम होते.

फर्ज-ए-किफायाचा विसर

आपल्याकडे दोन प्रकारची कर्तव्ये सांगितली जातात. एक फर्ज-ए-ऐन, जे प्रत्येकाने स्वतः पार पाडायचे. जसे नमाज, रोजा. दुसरे फर्ज-ए-किफाया, जे समाजातील काही जणांनी पार पाडले की सगळे मोकळे होतात, पण कोणीच केले नाही तर सगळेच गुन्हेगार ठरतात. जनाजाची नमाज हे त्याचे सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण.

पण हे कर्तव्य जनाजापुरते नाही. इमाम गजाली (१०५८–११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथातील ज्ञानावरच्या प्रकरणात फर्ज-ए-किफायाची यादी दिली आहे. त्यात वैद्यक आहे, हिशेबाचे गणित आहे. शेती, विणकाम, राज्यकारभार आहे, शिलाईकामसुद्धा आहे. ज्या कामावाचून वस्तीचे अडते, ते काम शिकणारे कोणीतरी वस्तीत असलेच पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्याच ठिकाणी गजालींनी आपल्या काळातील लोकांची झाडाझडती घेतली आहे. गावोगाव मुसलमान वैद्य सापडत नाही, तरी वैद्यकाकडे कोणी वळत नाही आणि सगळे फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या अभ्यासाकडे धावतात, कारण त्यातून पदे आणि मान मिळतो, अशी त्यांची तक्रार होती.

नऊशे वर्षांनी गर्दीचे ठिकाण तेवढे बदलले आहे. तेव्हा वैद्यक रिकामे होते. आज सगळी झुंबड तिकडेच आहे आणि बाकीची दालने ओस पडली आहेत. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून अधिक मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या सगळ्या जागा मिळून लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. खासगी जागेची फी फळगाडीवाल्याच्या घरात परवडण्यासारखी नसते. म्हणजे ज्याला दुसरी वाट माहीत नाही असा मुलगा या रांगेत दोन-तीन वर्षे उभा राहतो आणि शेवटी थकून मामाच्या दुकानात बसतो. त्याला आपण 'पोरगं शिकलं नाही' म्हणतो. खरे तर आपण त्याला चुकीच्या रांगेत उभे केलेले असते.

डॉक्टर होऊ नका, असे माझे म्हणणे नाही. ज्याची ओढ आणि तयारी आहे, त्याने जरूर व्हावे. वस्तीला डॉक्टर हवाच. पण एक डॉक्टर झाल्यावर फलक लावणाऱ्या वस्तीने एकदा आपली दुसरी यादीही करावी: आपल्याकडे कोण कोण नाही?

आपल्याकडे कोण नाही?

ही यादी मी माझ्या डोळ्यांसमोर घडलेल्या प्रसंगांवरून करतो.

न्यायालयात तारखेला गेलेल्या बाईला आपल्या खटल्यात काय चालले आहे हे समजावून सांगणारा, तिच्याच गल्लीतला वकील नाही. देशातील तुरुंगांत खटल्याची वाट पाहणाऱ्या कच्च्या कैद्यांमध्ये मुसलमानांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त असते, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे दिसते. जामीन मंजूर होऊनही कागद आणि जामीनदार नसल्याने आत राहिलेले लोक त्यात असतात. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो, त्याची राज्याची वेगळी सीईटी असते, हे आमच्या वाचनालयात येणाऱ्या दहा घरांपैकी एखाद्याच घराला माहीत असते.

पोलीस ठाण्यात हवालदार नाही. तलाठी कार्यालयात, भूमी अभिलेखात, बँकेच्या काउंटरवर आपला माणूस क्वचित. २०२५ साली वक्फच्या मालमत्ता 'उमीद' पोर्टलवर चढवायची वेळ आली, तेव्हा आमच्याकडचे मुतवल्ली जुन्या कागदांची पिशवी घेऊन सायबर कॅफेच्या दारात बसले होते. सातबारा वाचता येणारा, मोजणीचा नकाशा समजणारा, फेरफार कुठे अडला हे सांगणारा एक भूकरमापक वस्तीत असता, तर त्या म्हाताऱ्या माणसांची ती परवड टळली असती. आणि भूकरमापक व्हायला काही नीट द्यावी लागत नाही. स्थापत्यची पदविका किंवा आयटीआयचा सर्व्हेअर हा कोर्स केलेली मुले त्या भरतीला बसू शकतात.

रुग्णालयात आपली नर्स नाही. शाळेत विज्ञान आणि मराठी नीट शिकवणारा शिक्षक नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत वार्ताहर नाही, म्हणून मोहल्ल्याची बातमी होते ती फक्त भांडणाच्या दिवशी.

ही केवळ एका गावाची गोष्ट नाही. सच्चर समितीने २००६ साली अहवाल दिला, तेव्हा देशाच्या लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के होते. आयएएसमध्ये ते ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के आणि रेल्वेत ४.५ टक्के होते. रेल्वेतलेही बहुतेक सगळे खालच्या पदांवर. त्याच अहवालाने आणखी एक गैरसमज खोडला होता. शाळकरी वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात जाणारी मुले ३ टक्क्यांच्या आसपासच होती. म्हणजे मुले शाळेतच जात होती. वाटेत गळत होती. पुढे २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात तर वेगळीच धोक्याची घंटा वाजली. बाकी समाजगटांची महाविद्यालयातील संख्या वाढली आणि मुसलमान विद्यार्थी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाले. त्या वर्षी उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांत आपला वाटा ४.६ टक्के होता.

'नोकरी आपल्याला देतो कोण?'

हा मुद्दा मांडला की सभेत मागच्या ओळीतून एक प्रश्न हमखास येतो. "शिकून काय करायचं? नाव वाचलं की बाजूला काढतात. त्यापेक्षा पोरगं हुनर शिकेल, चार पैसे कमावेल."

या प्रश्नाला उडवून लावू नये. भेदभाव आहे. घर भाड्याने घेताना तो दिसतो, मुलाखतीत जाणवतो. सरकारनेही हात आखडता घेतला आहे. पहिली ते आठवीच्या मुलांची मॅट्रिकपूर्व केंद्रीय शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली, त्याच वर्षी संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद करण्यात आली. महाराष्ट्रात जुलै २०१४ मध्ये अध्यादेश काढून मुसलमानांना ५ टक्के आरक्षण दिले गेले. त्यातले शिक्षणातील आरक्षण मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी नोव्हेंबरात अडवले नव्हते. तरीही पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि अध्यादेश विरून गेला. ही मागणी आपण सोडलेली नाही, सोडूही नये.

पण हक्क मागणे आणि आज उघडे असलेले दार वापरणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतात. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, नाव नसते. सीईटीच्या गुणवत्ता यादीत गुण बघितले जातात. जिथे तोंड बघून निवड होते तिथे अन्यायाची शक्यता जास्त. जिथे लेखी परीक्षा आणि यादी असते तिथे ती कमी. मग आपल्या मुलांनी आधी कोणत्या दारावर थाप मारावी, हे उघड आहे. आपण मात्र त्या दारापर्यंत गेल्याशिवायच परत फिरतो. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी पास लागते. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी भरतीपूर्व प्रशिक्षणाची राज्य शासनाची योजनाही आहे. आमच्या मैदानावर रोज पहाटे धावणारी, क्रिकेट खेळणारी पोरे आहेत. त्यातली फॉर्म भरणारी किती, हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतात.

याच ठिकाणी मराठीचा विषय काढावा लागतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा मराठीत किंवा इंग्रजीत लिहावी लागते. उर्दू ही आपल्या घराची भाषा आहे, तिचा अभिमान असावा. पण उर्दू माध्यमात दहावी-बारावी झालेला मुलगा मराठीच्या एका पेपरसाठी मागे पडत असेल, तर त्यात उर्दूचा मान वाढत नाही. मराठी हीसुद्धा आपलीच भाषा आहे. बाजारात आपण ती बोलतोच. ती लिहायला शिकवणारा वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येक मोहल्ल्यात भरला पाहिजे.

हुनर आहे, कागद नाही

आता हुनराबद्दल. कष्टाच्या कामाला आपल्याकडे कधी कमीपणा मानला गेला नाही. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग, गावोगावची गॅरेजे, फर्निचरची दुकाने, वायरिंगची कामे, शिलाई, बेकरी हे सगळे आपल्या हातांनी उभे आहे. गजालींच्या यादीत विणकर आणि शिंपी वैद्याच्याच ओळीत बसले आहेत, हे विसरू नये. म्हणून 'मुलगा गॅरेजवर गेला' याचे दुःख नाही. तो कागदाशिवाय गेला आणि कागदाशिवायच तिथे म्हातारा होणार, याचे आहे.

पंधरा वर्षे वायरिंग करणारा कारागीर महावितरणच्या विद्युत सहायक भरतीचा अर्ज भरू शकत नाही, कारण त्याच्याकडे वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे आयटीआय प्रमाणपत्र नसते. त्याच्यापेक्षा कमी काम येणारा पण दोन वर्षे आयटीआय केलेला मुलगा अर्ज भरतो, परीक्षा देतो, पगारावर लागतो. गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या आमच्या पोराला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये 'हेल्पर' म्हणून ठेवतात. आणि आता तर बिनइंजिनाच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत. त्यांची दुरुस्ती उस्तादाकडे बघून शिकता येणार नाही. त्यासाठी वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स वाचावे लागेल.

म्हणून पायऱ्यांचा जिना मुलांना दाखवायला हवा. दहावीनंतर आयटीआय करता येते. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञान झालेल्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येते. पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. प्रत्येक पायरीवर थांबून कमावता येते आणि पुन्हा वर चढता येते. ज्या घराला चार वर्षे सलग फी भरणे झेपत नाही, त्या घरासाठी हा जिना आहे. मुंबईत भायखळ्याला साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था १९३० च्या दशकात उभी राहिली. हाताच्या कामाला तंत्राची जोड हवी, हे आपल्यातील जाणत्या माणसांना स्वातंत्र्याच्या आधीच कळले होते. नव्वद वर्षांनी आपण ते विसरून कसे चालेल?

मुलीचा फॉर्म कोण भरणार?

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आमच्या वाचनालयात बारावीला चांगले गुण मिळवून येणाऱ्यांत मुली जास्त असतात. त्यांच्या वह्या नीटनेटक्या असतात, कागद फाइलमध्ये क्रमाने लावलेले असतात. पण मुलगा आला की पालक विचारतात, "याने काय करावं?" मुलगी आली की विचारतात, "जवळचं कॉलेज कोणतं?" एक प्रश्न आयुष्याचा, दुसरा अंतराचा. त्या अंतरावर कला शाखेचे महाविद्यालय असेल, तर मुलगी कला शाखेला जाते. तिला काय यायचे, काय हवे होते, हे त्या अंतरात हरवते.

यंदा एक मुलगी आली होती, आईबरोबर. तिला नर्स व्हायचे होते. कोविडच्या वर्षी तिच्या नानीला जिल्हा रुग्णालयात ठेवले होते, तेव्हा घरच्या कोणाला आत जाता येत नव्हते. आतली बातमी रोज फोनवर सांगायची ती एक नर्स. नानी घरी आली ती त्या नर्सचे नाव घेतच. मुलीच्या मनात ते तेव्हापासून होते. मी तिला सांगितले की बी.एस्सी. नर्सिंगची राज्याची सीईटी असते, चार वर्षांचा अभ्यासक्रम. जीएनएम हा तीन वर्षांचा पर्यायही आहे. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "रात्रीची ड्युटी असते ना भाईजान? रिश्ते येतायत. लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील? त्या लोकांनाच माझा एक प्रश्न आहे. आपल्या घरातील बाईला दवाखान्यात नेताना आपण विचारतो, "लेडी डॉक्टर आहे का? सिस्टर आहे का?" प्रत्येक घराला आपल्या बाईसाठी बाईच हवी असते. मग ती बाई कोणाच्या तरी घरातून शिकून बाहेर पडली पाहिजे ना? ती नेहमी दुसऱ्याच्याच घरातून यावी, आपण फक्त तिची सेवा घ्यावी, हा कोणता न्याय? फर्ज-ए-किफाया आहे तो इथेच. ज्या कामाची आपल्याला गरज आहे आणि जे करायला आपण आपल्या मुलीला जाऊ देत नाही, त्या कामाचे ओझे सगळ्या वस्तीच्या मानेवर राहते.

रात्रीच्या ड्युटीची काळजी खोटी नाही. पण त्या काळजीचा उपाय मुलीला घरी बसवणे हा नाही. सुरक्षित वसतिगृह, येण्याजाण्याची सोय, चार मुलींनी एकत्र प्रवेश घेणे हे उपाय आहेत आणि ते वस्तीने मिळून करता येतात. सावित्रीबाई फुले यांनी १८५६ साली जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या माघारी काम सांभाळणाऱ्या फातिमाचा उल्लेख आहे. तेव्हा पुण्यात मुलींना शिकवायला घराबाहेर पडणे किती सोपे असेल? फातिमा शेख यांची जयंती साजरी करताना व्यासपीठावर टाळ्या वाजवायच्या आणि घरी आल्यावर मुलीचा फॉर्म कपाटात ठेवायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र शोभत नाहीत.

पैशाचे कारण असेल, तर तेही तपासून पाहावे. २०२४ पासून महाराष्ट्रात वार्षिक ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातील मुलींना, शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आपला अभ्यासक्रम आणि महाविद्यालय त्यात बसते का, हे आधी विचारून घ्यावे, एवढेच. ज्या बापाने मुलीच्या शिक्षणाचा खर्च नको म्हणून तिचे नाव काढले, त्याला तो खर्च नव्हताच हे कळत नाही. ही माहिती घराघरात पोहोचवणे आपले काम होते.

जूनमधला दाखला जानेवारीत काढा

सवलती ज्यांच्यासाठी असतात, त्यांच्या हातात कागद नसतो. आमच्या टेबलावरचे रोजचे भांडण हेच आहे.

बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी मुसलमान बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसींच्या यादीत आहेत. काही बिरादऱ्या भटक्या-विमुक्तांच्या यादीत आहेत. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी जातीच्या रकान्यात 'मुसलमान' लिहिले आणि विषय संपला. आता जातीचा दाखला हवा, तर ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा आणि विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. मग आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत शोधत फिरावे लागते. त्यानंतर नॉन-क्रीमिलेअर, त्यानंतर जात पडताळणी. हे आठ दिवसांचे काम नाही. जूनमध्ये निकालानंतर धावपळ सुरू केली की प्रवेशाची मुदत निघून जाते आणि मुलगा खुल्या यादीत ढकलला जातो.

ज्यांची बिरादरी कोणत्याच यादीत नाही, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएसचे १० टक्के आरक्षण २०१९ पासून आहे. ते धर्म बघत नाही. तरी 'ते आपल्यासाठी नाही' असे मला दरवर्षी कोणीतरी ठामपणे सांगतो. खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, अल्पसंख्याकांसाठी राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. बँक खाते आधारशी जोडलेले नाही, उत्पन्नाचा दाखला जुना आहे, नावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे आहे, एवढ्यावरून हे पैसे परत जातात.

आमच्या बागवान चाचांचेही तेच होते. पिढ्यान् पिढ्या फळे विकणारे बागवान. आणि मुलगा दोन वर्षे खुल्या प्रवर्गातून नीट देत होता.

मोहल्ल्याने काय करावे?

मोठी संस्था, मोठी इमारत, मोठा निधी यांची वाट बघायला नको. चार गोष्टी प्रत्येक वस्तीला करता येतील.

पहिली, मुले नववीत असतानाच कागदांचे शिबिर घ्यावे. दिवाळीनंतरचे दोन रविवार पुरतात. निकालाच्या दिवसापर्यंत जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला फाइलमध्ये असावा.

दुसरी, मोहल्ल्यातील आणि आसपासच्या निरनिराळ्या कामांतील माणसांना वर्षातून चार वेळा मुलांसमोर बसवावे. त्यात सर्जन नसले तरी चालेल. पण परिचारिका, वीजतंत्री, वकील, तलाठी, सीएच्या कचेरीत काम करणारी मुलगी, जहाजावर जाऊन आलेला कोकणातील माणूस असावा. ते कोणत्याही जातीधर्माचे असोत. मुलांनी त्यांना पगार, कामाचे तास, परीक्षा, त्रास सगळे विचारावे. जुम्याच्या नमाजनंतर वीस मिनिटे मस्जिदीच्या अंगणातही हे होऊ शकते, फक्त मुलींची आणि अम्मींचीही तिथे बसायची सोय हवी.

तिसरी, चौकातला फलक बदलावा. आयटीआय झालेल्या, नर्सिंगला लागलेल्या, पोलिसात भरती झालेल्या, कायद्याच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलामुलींचीही नावे त्यावर यावीत. मुले फलक वाचूनच स्वप्ने ठरवतात.

चौथी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट घरात करायची आहे. मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारायचे, "तुला काय आवडतं? तुला काय जमतं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचे. रोजी देणारा अल्लाह आहे, हे आपण मानतो. पण ती रोजी डॉक्टरकीच्या एकाच दारातून येते, असे त्याने कुठेही सांगितलेले नाही.

बागवान चाचांच्या मुलाचा अर्ज आम्ही स्थापत्य पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी भरला. आजोबांचा जुना शाळेचा दाखला शोधायला चाचा गावी जाऊन आले. त्यावर शाई फिकट झाली असली तरी 'बागवान' हा शब्द वाचता येतो. जातीचा दाखला मिळेल. परवा ते गाडीवरून हाक मारून म्हणाले, "सर, पोरगं रात्री बारापर्यंत कागदावर रेघा मारतंय. नीटच्या टायमाला नऊ वाजताच झोपायचं."

नर्स व्हायचे म्हणणारी ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही. तिचा अर्धवट भरलेला फॉर्म अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. पुढच्या रविवारी आमच्यातल्या दोघी तिच्या घरी जाणार आहेत, सोबत जिल्हा रुग्णालयातील एका सिस्टरला घेऊन.